संगमवाडीचं काळं कुत्रं

आधी एक सांगून टाकतो. मला गाडी चालवता येते. तीस वर्षं चालवतोय, त्यातली बारा धम्मदीप साहेबांकडे. या बारा वर्षांत गाडीला ओरखडा पडला तो एकदाच, तोही डेक्कनला एका रिक्षावाल्याच्या कृपेनं. तेव्हा पुढचं ऐकून 'हिंदुराव म्हातारा झाला' असं कुणी म्हणू नका. म्हातारा झालो म्हणून हे घडलं नाही. खोटं बोललो म्हणून घडलं.

जुनी गाडी म्हणजे पांढरी फॉर्च्युनर, दोन हजार अकराची. साहेबांची कंपनी तेव्हा नुकतीच सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतून खराडीला गेली होती. विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरापुढे ती गाडी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा निम्मी गल्ली बघायला आली. घर वडिलांनी बांधलेलं. वडील खडकीच्या कारखान्यात जन्मभर सायकलवर गेले, पण ती गाडी बघायला ते राहिले नव्हते. कौशल्याबाई होत्या. साहेबांच्या आई. सगळे त्यांना माई म्हणतात, मीही म्हणतो.

माईंशी मी पहिल्याच दिवशी खोटं बोललो. लाज वाटते सांगायला, पण सांगितलं पाहिजे. मी साताऱ्याकडचा. भावकीतल्या एकानं विचारलं, "कुणाकडे लागलास?" मी आडनाव सांगितलं तर तो नुसता हसला, आणि ते हसणं माझ्या डोक्यात शिरलं. माईंनी चहा पाठवला तर म्हणालो, "नको, उपवास आहे." दुसऱ्या दिवशीही उपवास. तिसऱ्या दिवशीही. असे सात दिवस. आठव्या दिवशी माई स्वतः बाहेर आल्या, हातात साबुदाण्याच्या खिचडीची बशी. म्हणाल्या, "हिंदुराव, रोज उपवास केलास तर स्टेअरिंग वळवायला अंगात ताकद राहायची नाही. खिचडी चालते ना तुझ्या देवाला?" एवढंच. ना राग, ना टोमणा. मी मान खाली घालून खिचडी खाल्ली, वर दोन कप चहा प्यायलो. त्यानंतर बारा वर्षांत त्या घरात मला उपवास आला नाही.

मी सकाळी सातला वारज्याहून यायचो आणि पोर्चमध्ये गाडी पुसायला घ्यायचो. वर माईंच्या खोलीची खिडकी. त्या वेळी त्यांची वंदना चालू असायची आणि तीत पंचशील. मी त्यांच्या धम्मातला नाही, पाली मला कळत नाही, पण रोज ऐकलं की दगडालाही पाठ होईल. अर्थ त्यांनीच सांगितला होता. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशापाणी करणार नाही. पहिल्या शीलाला मी पुढची काच घ्यायचो, पाचव्याला मागची. असं बसलं होतं सगळं.

मग साहेबांनी गाडी बदलायचं काढलं.

"तीन लाख किलोमीटर झाले, हिंदुराव. आता पुरे," ते म्हणाले.

"इंजिन अजून घड्याळासारखं चालतंय साहेब."

"घड्याळ नकोय मला. आईसाठी एअरबॅग हव्यात, मागेसुद्धा. तिची हाडं ठिसूळ झालीत, डॉक्टर म्हणाले."

आता आईचं नाव काढल्यावर काय बोलणार? जपानी गाडी गेली आणि जर्मन आली. काळी, लांबलचक, नाव घ्यायला जीभ वळत नाही अशी. जुनी गाडी एक्स्चेंजला नेणारा माणूस आला तेव्हा मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि नळावर जाऊन उगाच तोंड धुतलं. रडलो म्हणा हवं तर. बारा वर्षं डाव्या हाताखाली तो गिअर होता. माझ्या बायकोच्या हातापेक्षा जास्त वेळ मी तो धरला असेल, हे चंपाच म्हणायची.

नव्या गाडीला क्लच नव्हता. ऑटोमॅटिक. साहेबांनी विचारलं, "चालवलीय ना कधी?"

"चिक्कार!" मी म्हणालो.

डोंबलाची चिक्कार. एकदा सुद्धा नाही. शोरूममधली एक मुलगी, माझ्या लेकीच्या, दीपमालाच्या वयाची, मला अर्धा तास शिकवत होती. "काका, डावा पाय विसरून जा. मागे दुमडून ठेवा. त्याला कामच नाही आता." मी "हो हो" करत होतो आणि मनात म्हणत होतो, मला शिकवतेस होय? साहेब म्हणाले, "पाच दिवस ट्रेनिंग घ्या हवं तर, कंपनी देते." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला? ट्रेनिंग?" म्हणालो. तिथं मी "घेतो" म्हणालो असतो तर आज ही गोष्टच सांगावी लागली नसती.

तीस वर्षांचा डावा पाय असा विसरता येत नाही हो. स्पीडब्रेकर दिसला, की तो आपला आपण उचलतो आणि क्लच शोधायला जातो. आणि त्या गाडीत ब्रेकचं पेडल एवढं रुंद, की शोधायला गेलेल्या पायाला तेच सापडतं. पहिल्या आठवड्यात दोनदा झालं, गाडीत मी एकटाच होतो, वेगही नव्हता. मी इकडेतिकडे बघितलं. कुणी पाहिलं नव्हतं. म्हटलं, होईल सवय.

दुसरी गोष्ट त्या बेल्टची. मागच्या सीटवर बेल्ट लावला नाही की ती गाडी ठणाणा करते. माईंना बेल्ट गळ्याशी काचायचा. मग मी काय केलं, बेल्ट त्यांच्या पाठीमागून ओढला आणि खाचेत अडकवला. गाडी गप्प, माई खूश. मलाही वाटलं, केवढं डोकं चालवलं मी!

एप्रिलची दुपार होती. सदाशिव पेठेत माईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन परत येत होतो. दीड वाजला होता, पुणं जेवून आडवं झालेलं, संगमवाडीचा रस्ता सताड मोकळा. गाडी छान पळत होती. माई मागून सांगत होत्या, की डॉक्टरच्या बाकावर एक बाई भेटल्या आणि त्यांनी लोणच्याची कुठलीशी रीत सांगितली. मी हसत होतो. पुढे स्पीडब्रेकर आला. डावा हात गिअरकडे गेला आणि डावा पाय क्लचवर. दाणकन. पूर्ण जोरानं, क्लच दाबतात तसा.

गाडी जागच्या जागी खिळली. मागून आवाज आला, तो मी कधी विसरणार नाही. माईंचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं होतं आणि उजवा हात खाली मुडपला होता.

"माई! कुत्रं! कुत्रं आलं आडवं!" मी ओरडलो.

हे कुठून आलं तोंडात, देव जाणे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी वळून बघितलं. माई मनगट छातीशी धरून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. त्यांनी समोरच्या काचेतून रस्ता बघितला, मग माझ्याकडे. म्हणाल्या एवढंच, "चल, दवाखान्यात ने. हळू ने."

मनगट मोडलं होतं. कपाळाला चार टाके. साहेब खराडीहून धावत आले, घाम सुटलेला, आणि थेट मला म्हणाले, "काय झालं?"

मी तोंड उघडलं, तोच पलंगावरून माईंचा आवाज आला. "कुत्रं आलं रे आडवं. मी पाहिलं ना. काळं होतं. याचा बिचाऱ्याचा काय दोष?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "काळं कुत्रं?"

"हो साहेब," मी म्हणालो. "काळंच."

खरं सांगतो, त्या क्षणाला मला फक्त हायसं वाटलं. बाकी काही नाही. नोकरी वाचली, अब्रू वाचली. घरी चंपाला सांगितलं तर ती म्हणाली, "माईंनी सांभाळून घेतलं ना? मग आता तोंडाला कुलूप लावा." लावलं कुलूप.

चार दिवसांनी माई घरी आल्या. दुसऱ्या सकाळी मी गाडी पुसत होतो, वर वंदना सुरू झाली. पहिलं शील, दुसरं, तिसरं. मग गप्प. मग एकदम पाचवं. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, दुखण्यातून उठलंय, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी फडकं बाजूला ठेवलं आणि बोटं मोजली. करंगळी, अनामिका, मधलं. मग थांबल्या. तर्जनी तशीच राहिली आणि अंगठ्यावर आल्या.

जी बाई उभ्या जन्मात खोटं बोलली नाही, ती माझ्यासाठी बोलली होती, आणि आता रोज सकाळी माझ्या डोक्यावरच्या खिडकीत बसून ते एक वाक्य गिळत होती.

तरी मी आठ दिवस गप्प राहिलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, ज्याला ऑटोमॅटिक जमत नाही अशा ड्रायव्हरला दुसरा कोण दारात उभं करणार? हा विचार करायचो आणि गाडी पुसायचो. शेवटी एका सकाळी माई पोर्चमध्ये येऊन खुर्चीवर बसल्या, हात गळ्यात बांधलेला. मी म्हणालो, "माई, चौथं म्हणत नाही तुम्ही."

"ऐकतोस होय तू?"

"बारा वर्षं ऐकतोय."

त्यांनी रस्त्याकडे नजर वळवली. मग म्हणाल्या, "बोलायचं खोटं आणि सकाळी उठून म्हणायचं बोलणार नाही, हे कसं जमायचं? नुसती घोकंपट्टी होईल ती. ज्यांनी आम्हाला हा धम्म दिला, त्यांना काय तोंड दाखवू?"

"मग बोललात कशाला माई? मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" मी चक्क त्यांच्यावरच खेकसलो. स्वतःचा राग असा दुसऱ्यावर निघतो माझा.

त्या चिडल्या नाहीत. "तुझा चेहरा बघितला," म्हणाल्या. "पहिल्या दिवशी उपवास आहे म्हणालास ना, तेव्हा अगदी असाच होता. घाबरलेला. मला तेव्हाही तुला पकडावंसं वाटलं नाही."

मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांच्यासमोर उभं राहवेना.

बुद्धपौर्णिमा दहा दिवसांवर आली होती. त्यांच्या विहारात दरवर्षी वंदना माईच घेतात. त्या पुढे म्हणतात आणि सगळे मागून. त्या दिवशी विहारातल्या यमुनाबाई तेच ठरवायला आल्या, तर माई म्हणाल्या, "यंदा दुसरं कुणी घ्या. माझा हात दुखतो."

"वंदनेला हात कशाला लागतो, कौशल्याबाई? तोंड लागतं," यमुनाबाई म्हणाल्या.

हात दुखतो हेही काही खरं कारण नव्हतं, आणि ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका खोट्याच्या मागे आता दुसरं आलं होतं. मी तिथंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना खराडीला सोडलं, पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं आणि मागे न बघता म्हणालो, "साहेब, कुत्रं नव्हतं. डावा पाय पडला ब्रेकवर. मी आधी कधीच ऑटोमॅटिक चालवली नव्हती. बेल्टही मीच पाठीमागून लावला होता. माई खोटं बोलल्या त्या माझ्यापायी."

साहेबांनी मागून फोन पुढे केला. त्यावर संगमवाडीचा रस्ता होता. ऊन, मोकळं डांबर, स्पीडब्रेकर. मग सगळं हललं, माईंची किंकाळी आली, आणि माझा आवाज, "कुत्रं! कुत्रं आलं आडवं!" रस्ता रिकामाच. आरशाच्या मागे जी काळी डबी होती, तिला मी पावसाचं काहीतरी समजत होतो. तो कॅमेरा होता.

"त्याच संध्याकाळी पाहिलं मी," साहेब म्हणाले.

"आणि मला काढलं नाहीत?"

"तुम्हाला काढलं असतं तर का काढलं हे आईला सांगावं लागलं असतं. तिचं खोटं मला कळलंय हे तिला कळलं असतं." त्यांनी फोन परत घेतला. "शाळेत असताना मी एकदा मार्कांबद्दल खोटं बोललो तर ती दोन दिवस जेवली नव्हती. माझी आई माझ्याशी कधी खोटं बोलली नाही, हिंदुराव. वडिलांचा आजारसुद्धा लपवला नाही तिनं. आणि बोलली ती तुमच्यासाठी. माझ्या तोंडावर, माझ्या डोळ्यांत बघून. कुत्र्याचा रंगसुद्धा सांगितला!"

ते चिडलेत असं मला वाटत होतं. ते चिडले नव्हते, दुखावले होते, आणि ते माझ्याकडून भरून निघण्यासारखं नव्हतं.

"सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण मला आधीपासून माहीत होतं हे तिच्या कानावर जाता कामा नये. इतके दिवस हा माझ्याशी नाटक करत होता असं वाटेल तिला. आणि किल्ली ठेवा. तुम्ही आईला घेऊन जायचं नाही आता. ऑफिसच्या पार्किंगचं बघा, नाहीतर काय हवं ते करा. चाकावर नाही."

मी किल्ली ठेवली. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच संध्याकाळी माईंना सांगितलं, "मी साहेबांना सगळं खरं सांगितलं," आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला त्या किल्लीचं काही वाटेनासं झालं.

"तू सांगितलंस, ते तुझं झालं," त्या म्हणाल्या. "माझं मलाच सांगायला हवं." आणि यमुनाबाईंना निरोप धाडला, वंदना मीच घेते म्हणून.

पौर्णिमेला सकाळी गाडी साहेबांनीच काढली. मी शेजारी डाव्या बाजूला बसलो. माई मागे. त्यांचा बेल्ट या वेळी मी नीट छातीवरून घेतला, गळ्याशी रुमाल लावला आणि खटका ऐकू आल्यावरच दार लावलं. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. मीही.

घरापासून विहार पाच मिनिटांवर. कोपरा वळला आणि माई म्हणाल्या, "धम्मा, गाडी बाजूला घे जरा."

साहेबांनी गाडी थांबवली.

"ते कुत्रं नव्हतं रे. काळं नव्हतं नि पांढरं नव्हतं. मी खोटं बोलले तुझ्याशी. हिंदुरावनं तुला सांगितलंय, पण माझ्या तोंडून ऐक. चुकले मी."

साहेबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मला वाटलं, आता बोलतील. बोला ना, मी मनात म्हणत होतो, माहीत होतं म्हणा, दोघं मोकळे व्हा एकदाचे.

"आई, काहीतरीच काय," ते म्हणाले. "हिंदुरावांनी सांगितलं तेव्हाच कळलं मला. तोवर माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं."

"खरंच ना?"

"खरंच."

मी समोर बघत बसलो. आरशामागची ती डबीही समोरच बघत होती.

बारा वर्षांत मी त्या विहारात आत गेलो नव्हतो. गाडी सांभाळायला बाहेर थांबायचो. त्या दिवशी सांभाळायला माझ्याकडे गाडी नव्हती, म्हणून चप्पल काढली आणि आत जाऊन साहेबांच्या शेजारी सतरंजीवर बसलो. यमुनाबाईंनी मेणबत्त्या लावल्या. माई पुढे बसल्या, हात प्लास्टरमधला, तरी जमेल तसे जोडलेले. आवाज मात्र खणखणीत. पहिलं शील त्यांनी म्हटलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. दुसरं. तिसरं. आणि मग, महिनाभरानंतर, चौथं. स्पष्ट, एकेक शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळा हॉल मागून म्हणाला. माझ्या उजव्या बाजूनं मात्र काहीच आलं नाही. मी हळूच बघितलं. साहेब हात जोडून बसले होते, डोळे मिटलेले, ओठही मिटलेले. पाचव्याला त्यांचा आवाज पुन्हा लागला.

एवढ्या शंभर माणसांत ते कुणाला कळणार, असं मला वाटलं. मग समोर बघितलं. माईंनी डोळे उघडले होते आणि त्या मुलाकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तशाच शांत, खिचडीची बशी हातात घेऊन बघितलं होतं तशा. मी मान खाली घातली.